रानपिंगळा आपल्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. इंदूरकरांनो, ह्या हिवाळ्यात त्याच्यासाठी काय करायचं?

तळ्याकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळी आटोपली की आपले इंदूरचे पक्षीवाले ग्रुप जागे होतात, रोज सकाळी सिरपूरचे नाहीतर यशवंत सागरचे फोटो, चक्रवाक आले का, कुठल्या काठाला बसलेत, ते सगळं छानच आहे. पण मला ह्या वेळी दुसऱ्याच पक्ष्याबद्दल बोलायचंय आणि मनापासून बोलायचंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

रानपिंगळा. हे छोटंसं घुबड जगात फक्त भारतात आहे आणि भारतातही फक्त मधल्या पट्ट्यात, म्हणजे सातपुड्याच्या रांगा आणि पश्चिमेला डांग, तानसा इथपर्यंत. आपण इच्छापूर रोडने निघालो, सिमरोल, भैरवघाट, बडवाह, सनावद करत खंडवा गाठलं की तिथून पूर्वेला कालीभीतचे डोंगर आणि दक्षिणेला बुऱ्हाणपूर, खकनार. सकाळी इंदूरहून निघालेला माणूस दुपारी जेवायच्या वेळेला ह्या पक्ष्याच्या जंगलात असतो. आणि तरी आपल्यातल्या निम्म्या लोकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं, कारण ते जंगल ना अभयारण्य ना टायगर रिझर्व, तिथे ना जिप्सी फिरते ना रिसॉर्ट.

त्याची गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला हा पहिल्यांदा मिळाला, आताच्या छत्तीसगढमध्ये बसन्याजवळ. १८७३ मध्ये ह्यूमने त्याला शास्त्रीय नाव दिलं (हाच तो काँग्रेसवाला ह्यूम, त्याला पक्ष्यांचं जबरदस्त वेड होतं). १८८४ मध्ये डेव्हिडसनने आपल्या खानदेशात शहाद्याला शेवटचे नमुने घेतले आणि त्यानंतर एकदम गायब. जगभरातल्या म्युझियममध्ये मिळून सात कातडी, बस. लोकांनी शोधला नाही असं नाही, सालीम अली आणि रिप्ले ह्यांच्यासारख्या माणसांनी शोधला, नाही मिळाला. शेवटी २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट ह्यांना शहाद्याजवळच्याच डोंगरात तो एका उघड्या झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी!

आता मुद्दा. २०१८ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत (धोक्यातल्या जीवांची जागतिक यादी) ह्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' मधून 'संकटग्रस्त' मध्ये आली, कारण मधल्या काळात नव्या नव्या जागी तो सापडला, आणि लोकांना वाटलं चला सुटलो. पण अंदाज काय आहे तर जगात मिळून प्रौढ पक्षी २५० ते ९९९. एक हजाराच्या आत. अख्ख्या जगात. आणि जंगल तर वर्षागणिक कमीच होतंय, मग नव्या जागा सापडल्या म्हणून पक्षी वाढले असं कसं म्हणणार?

मला ह्या धाग्यावर सहलीचा प्लॅन नकोय. आपण इथे बसून त्या जंगलासाठी नेमकं काय करू शकतो ते ठरवायचंय. बोला.

वेदांग_२२

काका मस्त माहिती. एक बेसिक प्रश्न, आमच्या सुदामा नगरात शाळेच्या मागच्या पिंपळावर एक जोडी आहे छोट्या घुबडांची, संध्याकाळी खूप कलकलाट करतात. ती हीच का? फोटो धूसर आहे म्हणून टाकत नाही.

तळ्याकाठी

नाही रे बाळा, तो साधा पिंगळा. शहरात, वाड्यांच्या वळचणीला, पिंपळावर, शेताच्या बांधावर सगळीकडे असतो. फरक सांगतो, लक्षात ठेव. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात, पाठीवरही ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ साधी, राखाडी-तपकिरी, ठिपके असले तरी नीट बघितल्याशिवाय कळत नाहीत. पण पंखांवर आणि शेपटीवर पांढरे-गडद पट्टे एकदम ठळक. छातीचा वरचा भाग गडद आणि खाली पोट स्वच्छ पांढरं. पाय बघ, पांढऱ्या पिसांनी भरलेले आणि पक्ष्याच्या मानाने दणकट, चोचही मोठी. आणखी एक तिसरा असतो, जंगली पिंगळा, त्याच्या डोक्यापासून सगळीकडे बारीक आडव्या रेघा असतात, तो त्याच जंगलात भेटतो म्हणून गोंधळ होतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा दिवसा हिंडतो.

मृण्मयी_इं

वाचतेय. ११३ वर्षं कुणालाच कसा दिसला नाही ह्याचं उत्तर मला कधी नीट मिळालं नाही. शहादा काही अ‍ॅमेझॉनचं जंगल नाही, तिथे लोक राहतात, रस्ते आहेत. मग इतके मोठमोठे पक्षीतज्ज्ञ कुठे शोधत होते?

बडोदेकर

मृण्मयी, त्याचं उत्तर आमच्या गुजरातशी जोडलेलं आहे म्हणून मी देतो. कर्नल माइनर्ट्‌झहागेन नावाच्या ब्रिटिश माणसाकडे रानपिंगळ्याचा एक नमुना होता, त्याच्यावर लेबल 'मांडवी, १९१४'. म्हणजे कागदावर हा शेवटचा नमुना ठरला आणि लोक गुजरातेत शोधत बसले. नंतर रासमुसेन आणि नायजेल कॉलर ह्यांनी त्याची बारीक तपासणी केली तर असं निघालं की ते कातडं भरण्याची पद्धत डेव्हिडसनच्या हातची, म्हणजे ब्रिटिश म्युझियममधला जुना नमुना उचलून, थोडा पुन्हा शिवून, त्यावर खोटं लेबल लावलेलं. एका माणसाच्या खोटेपणामुळे अख्खा शोध चुकीच्या जागी झाला. हे लेबल बाद केल्यावर खऱ्या नमुन्यांच्या जागा उरल्या, म्हणून रासमुसेन, किंग ही मंडळी आधी छत्तीसगढ-ओडिशाच्या बाजूला गेली. तिथली जुनी जंगलं शेतं झालेली, काही मिळालं नाही. मग शहादा.

गंमत नाही ही, वाईट गोष्ट आहे. मधल्या शंभर वर्षांत पूर्वेकडची जंगलं गेली तेव्हा तिथे पक्षी होता की नव्हता हे बघायलाच कुणी नव्हतं.

आमच्याकडे डांगातल्या पूर्णा अभयारण्यात मात्र २०१४ च्या सुमारास खरोखरच सापडला. त्याच वर्षी तिकडे मुंबईजवळ तानसालाही.

लेन्सवाला

सुंदर धागा. मी वन्यजीव फोटोग्राफी करतो आणि हा माझ्या यादीत सगळ्यात वर आहे. तळ्याकाठी साहेब, खकनार भागात नेमकं कुठल्या गावाजवळ मिळतो? जानेवारीत दोन मित्रांबरोबर जायचंय. मोबाइलवर कॉल आहे, वाजवला की येतो असं ऐकलंय.

तळ्याकाठी

लेन्सवाला, गाव सांगणार नाही आणि कृपा करून दुसऱ्या कुणीही इथे टाकू नका, लोकेशन तर नाहीच नाही.

कॉलबद्दल जरा सविस्तर. ह्याचा विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे जानेवारीत ढोलीत मादी अंड्यांवर नाहीतर पिल्लांवर बसलेली असू शकते. बहुतेक वेळा दोनच अंडी. त्या काळात नर तिला आणि पिल्लांना खाऊ आणून देतो, सगळा शिकारीचा भार त्याच्यावर. आपण मोबाइलवर आवाज लावला की त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, तो शिकार सोडून भांडायला येतो, समोरच्या फांदीवर बसतो, आपल्याला फोटो मिळतो. आपण गेलो की दुसरी गाडी येते. एका सकाळी तीन गाड्या आल्या तर तिकडे ढोलीत उपाशी कोण राहणार? ज्या पक्ष्याची संख्या हजाराच्या आत आहे त्याच्या एका जोडीची एक वीण वाया घालवण्याचा हक्क आपल्याला नाही, हे मी रागावून नाही सांगत पण ठामपणे सांगतो.

लेन्सवाला

समजलं, कॉल नाही वाजवणार. पण एक बाजू माझीही ऐका. फोटोग्राफर आले तर गावातल्या पोरांना गाइडचं काम मिळतं, दोन पैसे येतात, मग त्यांनाच वाटतं हे जंगल राहिलं पाहिजे. सगळं लपवून ठेवलं तर जंगल कापणाऱ्याला सोपंच जातं ना, कारण तिथे काय होतं हेच कुणाला ठाऊक नाही.

मृण्मयी_इं

ह्यात तथ्य आहे असं मला वाटतं. लपवणं आणि वाचवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खकनारचा मास्तर

नमस्कार. घर इंदूरला लोकमान्य नगरात, पण नोकरी बरीच वर्षं खकनार ब्लॉकमध्ये, शाळेत शिकवतो. आमच्या गावाच्या मागे उतारावर सागाचं विरळ जंगल आहे, मधेमधे सालई, धावडा, मोहा, तेंदू, खाली खडकाळ माळ आणि गवत. नवखा माणूस बघेल तर म्हणेल हे काय जंगल, उजाड झालंय. पण हेच त्याचं घर. त्याला घनदाट झाडी नको असते, खालची जमीन दिसली पाहिजे.

थंडीतली सकाळ असते, ऊन नुकतं झाडाच्या शेंड्यावर आलेलं असतं, हा एकदम वरच्या सुक्या फांदीवर येऊन बसतो, पिसं फुगवून, उन्हाकडे तोंड करून. सातभाई आणि कोतवाल पक्षी आजूबाजूला आरडाओरडा करून त्याला हैराण करतात, हा ढिम्म. मग जरा तापला की खालच्या फांदीवर उतरतो आणि मान फिरवत जमीन बघायला लागतो. शेपटी डावी-उजवीकडे झटकतो, झट झट. ती शेपटी अशी हलायला लागली की मला कळतं ह्याला काहीतरी दिसलंय. पालापाचोळ्यात सरडा हलला की हा सरळ खाली, आवाज नाही काही नाही, आणि परत वर. सरडा, पाल, उंदीर, टोळ, काहीही. कधीकधी उरलेलं ढोलीत किंवा फांदीच्या बेचक्यात ठेवून देतो.

आता त्याच उतारावर काय होतं ते सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहा पडायला लागतो, फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, ती आग पसरत उतारभर जाते. तेंदूपत्त्याला नवी पालवी चांगली यावी म्हणूनही लावतात. हिरव्या झाडाला ह्या आगीने फारसं होत नाही. पण जुनं पोकळ झाड असेल तर बुंध्याच्या भेगेतून आग आत शिरते आणि पोकळीतून वर ओढली जाते, चुलीच्या धुराड्यासारखी. बाहेरून साल शाबूत दिसते आणि वरच्या ढोलीतून धूर येत असतो. रात्री लांबून बघितलं तर डोंगरावर एखादाच लाल ठिपका दिसतो, ती आग नाही, ते एक झाड आतून जळत असतं. दोन-तीन दिवस जळतं आणि मग एका रात्री कोसळतं. असं झाड तयार व्हायला शंभर-दीडशे वर्षं लागलेली असतात. आणि रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही, त्याला आयती लागते. ढोली गेली की जोडी गेली.

म्हणून मला विचाराल तर ह्या पक्ष्याचा जीव त्या म्हाताऱ्या झाडांत आहे.

जुना होळकरी

मास्तर, तुमचं वर्णन वाचून आनंद झाला, पण आग आणि मोहा ह्या लहान गोष्टी. मोठा प्रश्न अतिक्रमणाचा आहे, तो बोलायला सगळे कचरतात. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात जंगल कापून नेवाड (साफ केलेल्या जंगलातलं नवं शेत) पाडायचा धंदाच झालाय. एका रात्रीत शेकडो झाडं आडवी. पावसाळ्यात मका नाहीतर सोयाबीन पेरला की पुढच्या वर्षी म्हणायचं ही आमची जमीन. ह्याला आवर घातला नाही तर तुमच्या ढोल्या मोजून काय होणार?

मृण्मयी_इं

काका, प्रश्न खरा आहे, पण तो जपून मांडायला हवा. वनाधिकार कायदा २००६ चा, त्यात तारीख स्पष्ट दिलीय, १३ डिसेंबर २००५ च्या आधी जे आदिवासी, किंवा तीन पिढ्या तिथे राहिलेले इतर वनवासी, ती जमीन कसत होते त्यांचाच हक्क. त्यानंतर कापलेलं जंगल ह्या कायद्यात बसत नाही. म्हणजे जुने हक्कदार आणि नंतर टोळीने येऊन कापणारे हे वेगळे धरले पाहिजेत. आपण शहरात बसून 'अतिक्रमण' असा एकच शिक्का मारला की ज्या कोरकू कुटुंबाचा दावा वर्षानुवर्षं अडकलाय तोही त्यातच भरडला जातो. आणि तेच लोक आपल्या बाजूला नसतील तर हे जंगल कुणाच्या भरवशावर राहणार?

खकनारचा मास्तर

मृण्मयीताईंशी सहमत. होळकरी काका, एक गोष्ट आठवा. २०२२-२३ मध्ये नेपानगर रेंजला घाघरल्याचं जंगल कापलं जात होतं तेव्हा सगळ्यात आधी ओरडले ते त्याच भागातले गावकरी, त्यात आदिवासीच जास्त. जंगल राखणारेही तेच आहेत. इथला नाकेदार (वनरक्षक) एकटा, त्याची बीट एवढी मोठी की पायी एका दिवसात फिरून होत नाही, त्याच्या हातात काठी. समोर पन्नास माणसं कुऱ्हाडी घेऊन आली तर तो काय करेल, गावाने साथ दिली तरच निभावतं.

आणि जंगल फक्त कुऱ्हाडीनेच गेलं असंही नाही. नेपानगरला कागदाची मिल आली तेव्हा ह्याच भागातली सालई आणि बांबू न्यूजप्रिंटसाठी गेला. आपल्या आजोबांच्या पेपरात आमच्या उतारावरची झाडं होती म्हणा ना.

जुना होळकरी

नेपा मिलचा मुद्दा बरोबर. तरीही मी म्हणेन, कापणाऱ्यामागे पैसा लावणारे आहेत त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे, मग तो कुठलाही असो. ह्यावर कुणाचा वाद नसावा.

खकनारचा मास्तर

अजिबात नाही.

अकोल्याची लेक

माहेर अकोला, सासर इंदूर. लहानपणी मीनाक्षी एक्सप्रेसने येणं-जाणं असायचं, मीटर गेज, खंडव्यानंतर मेळघाटचं जंगल, धूळघाटला गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळावरून वर चढायची, आम्ही सगळी मुलं खिडकीला. ती लाइन ब्रॉडगेज करायची म्हटल्यावर केवढा वाद झाला आठवतंय का, व्याघ्रप्रकल्पाच्या आतून न्यायची की बाहेरून. पर्यावरणवाल्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं आणि बाहेरून न्यायचं ठरलं. मलाही तेव्हा बरं वाटलं होतं.

पण हा धागा वाचून मी नकाशा काढून बसले. बाहेरून म्हणजे कुठून, तर सोनाळा, जामोद करत तुकईथड, खकनारच्या बाजूने! म्हणजे मास्तरांचाच भाग ना? मेळघाटातला वाघ वाचला (आणि मेळघाटातला रानपिंगळाही), ते चांगलंच झालं. पण बाहेरच्या रानपिंगळ्याचा विचार कुणी केला का?

तळ्याकाठी

अकोल्याची लेक, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. हेच मला पहिल्या पोस्टमध्ये नीट मांडता आलं असतं तर बरं. आपल्याकडे वन्यजीव म्हणजे अभयारण्य असं समीकरण डोक्यात बसलंय. महाराष्ट्रात मेळघाट आहे, यावल अभयारण्य आहे, तिथल्या पक्ष्यांना निदान कायद्याची भिंत आहे. आपल्या मध्य प्रदेशात मात्र हा पक्षी बराचसा साध्या वनमंडळाच्या जंगलात आहे, खंडवा आणि बुऱ्हाणपूर. पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कन्झर्वेशन सोसायटीच्या लोकांनी ह्या भागात रीतसर काम केलंय, म्हणजे माहिती नाही असं कुणी म्हणू शकत नाही. पक्षी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारलं तर वाघाला मारल्याइतकाच गुन्हा. पण त्याची ढोली असलेलं झाड अंडी-पिल्लं नसताना वर्किंग प्लॅनप्रमाणे (वनविभागाच्या तोडणी-लागवडीच्या आराखड्याप्रमाणे) तोडलं तर बहुतेक काहीच होत नाही. पक्ष्याला संरक्षण आणि घराला नाही, ह्याला काय अर्थ आहे?

दुसरं, सॅटेलाइटवरून जंगल मोजतात तेव्हा १० ते ४० टक्के छत्र असेल ते 'खुलं जंगल' धरतात. मास्तरांच्या मागचा उतार त्यातच येत असणार. आणि आपल्या मनात खुलं म्हणजे बिघडलेलं. मग काय, बिघडलंय तर द्या प्रकल्पाला, नाहीतर खड्डे खणून दाट रोपवन लावा. रोपवन झालं की कागदावर हिरवं वाढतं, पण खालची जमीन झाकली जाते, त्यात घाणेरी माजते, आणि सरडा दिसत नाही म्हणून ह्याची शिकार बंद. झाडं लावणं ह्या पक्ष्याच्या मुळावर येऊ शकतं हे ऐकून आपल्यातल्या कितीतरी लोकांना धक्का बसेल, पण इथे तसंच आहे.

आणि आता तापीचा प्रकल्प. मे २०२५ मध्ये भोपाळला मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राचा करार झाला, तापी खोऱ्याच्या मेगा रिचार्जचा (नदीचं पाणी जमिनीत मुरवायचं), त्यातला खारिया-गुटीघाटचा बांध खंडवा जिल्ह्यातल्या खालवा आणि अमरावती जिल्ह्यातल्या धारणीच्या सीमेवर. एका बाजूला कालीभीत, एका बाजूला मेळघाट, दोन्ही रानपिंगळ्याचे भाग. बुऱ्हाणपूर, जळगाव, बुलढाण्याच्या भूजलाची काय अवस्था आहे ते मला माहीत आहे, केळीवाल्यांचे बोअर दरवर्षी खोल खोल जातायत, पाणी नको असं मी म्हणूच शकत नाही. पण किती जंगल जाणार आणि त्यात ह्या पक्ष्याच्या किती जोड्या आहेत ह्याचा सर्वे विणीच्या हंगामात, माहीतगार माणसांकडून झाला पाहिजे, एवढं तरी आपण मागू शकतो. पावसाळ्यात दोन दिवस फिरून 'प्रजाती आढळली नाही' असं लिहिलं तर त्याला सर्वे म्हणत नाहीत.

वेदांग_२२

काका, जनसुनावणी असते ना अशा प्रोजेक्टची? कॉलेजात एन्व्हायर्नमेंटच्या पेपरात होतं.

तळ्याकाठी

असते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, आणि विषयाशी संबंध असलेलं कुणीही लेखी म्हणणं देऊ शकतं. आपण ते तयार ठेवायचं. शाब्बास.

मावशी रामबाग

मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते. पण घुबडाचा विषय निघाला म्हणून लिहिते. दिवाळीच्या आधी घुबडं पकडून विकतात, अमावास्येच्या रात्री कसले कसले प्रकार करतात हे मी लहानपणापासून ऐकते. आपल्याकडे एकीकडे लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि दुसरीकडे खिडकीत बसलं तर अशुभ म्हणून हाकलायचं. माझ्या सासूबाई पिंगळा ओरडला की मीठ ओवाळायच्या. त्यांना दोष नाही देत, पण आता आपण तरी मुलांना नीट सांगू या. मास्तर, तुमच्या शाळेतली मुलं काय म्हणतात ह्याला?

खकनारचा मास्तर

मावशी, इथेही भीती आहेच. घराजवळ बसला तर दगड मारतात, गलोलीने मारतात. मी वर्गात एक साधी गोष्ट करतो, मुलांना सांगतो की तुम्हीच बघून या, हा दिवसभरात काय काय खातो. शेताच्या कडेला बसून मुलं बघतात आणि येऊन सांगतात, सर उंदीर धरला, सर टोळ धरले. शेतकऱ्याच्या पोराला उंदीर धरणारा पक्षी वाईट आहे हे पटवणं मग अवघड जातं. आमच्या सहावीतल्या एका मुलीने तर तिच्या काकांना ढोलीवाली सालई तोडू दिली नाही, झाडाला पाठ लावून उभी राहिली. काका वैतागले पण हसले, दुसरीकडून मोळी आणली.

मावशी रामबाग

तिला माझा आशीर्वाद सांगा. आणि शाळेला पुस्तकं, वह्या, काही लागत असेल तर संकोच करू नका.

लेन्सवाला

मास्तर, ह्या मुलांसाठी दोन जुन्या दुर्बिणी आहेत माझ्याकडे, चालू आहेत. ८ बाय ४० च्या. देतो. आणि एक सुचवतो, लोकेशन न देता ढोलीच्या झाडांचे चांगले फोटो काढून दिले तर वनविभागाला दाखवायला उपयोग होईल का? पक्ष्याच्या मागे न लागता फक्त झाडं, खोडं, ढोल्या. ते मी करू शकतो.

खकनारचा मास्तर

लेन्सवाला भाऊ, फारच होईल. नेमकं सांगतो कशासाठी. कूपात (तोडणीसाठी ठरवलेल्या जंगलाच्या तुकड्यात) मार्किंग होतं तेव्हा सुकलेलं, वाकडं, पोकळ झाड बिनकामाचं म्हणून आधी धरलं जातं, त्याच्या खोडावर तोडायची खूण म्हणून घण पडतो. तो घण पडायच्या आधी जर गावाच्या वन समितीने सांगितलं की ह्या ह्या झाडांत घरटी होतात, ही सोडा, तर डेप्युटी रेंजर बहुतेक ऐकतो, त्याला त्यात काही तोटा नाही, त्या लाकडाला भावही येत नाही. पण तोंडी सांगून उपयोग नाही, यादी लागते, फोटो लागतो, झाडाची जात आणि घेर लागतो. यादी समितीकडे आणि रेंज ऑफिसमध्येच राहील, बाहेर कुठे टाकायची नाही.

आगीचं पण तसंच. जानेवारीच्या शेवटी ह्या झाडांच्या बुंध्याभोवतीचा पाला दोन-तीन पावलं लांबपर्यंत झाडून काढला तर आग आत शिरत नाही. खर्च शून्य, एक झाडू आणि दोन माणसं. मोहा वेचणाऱ्या बायकांनाच हे सांगितलं तर त्या करतात, त्या तशाही तिथेच असतात.

जुना होळकरी

हे मात्र पटलं. पाला झाडायला वयाची अट नसेल तर मीही येईन. गाडी आहे, चार जण बसतील, डिझेल माझं.

अकोल्याची लेक

रेल्वेच्या आखणीवर मी लिहिते. ज्या टप्प्यात जंगल आहे तिथे झाडांची गणना करताना ढोलीची झाडं वेगळी नोंदवावीत, अशी मागणी. माझ्या दिरांना कायद्याचं कळतं, त्यांना दाखवून मगच इथे टाकते.

तळ्याकाठी

धन्यवाद सगळ्यांना. मग कामं अशी वाटून घेऊ. मास्तर आणि लेन्सवाला झाडांचं बघतील, फक्त विणीच्या ढोलीजवळ थांबायचं नाही, लांबून फोटो आणि पुढे. जंगलात शिरायच्या आधी रेंज ऑफिसची परवानगी, त्याशिवाय नाही. अकोल्याची लेक रेल्वे. तापीचं म्हणणं मी लिहितो, त्यात मुख्य मागणी एकच ठेवतो, ऑक्टोबर ते मार्च मधला सर्वे. बडोदेकर, डांगात वनविभागाने हा पक्षी सापडल्यावर काय काय केलं ते विचारून कळवाल का, आपल्या अर्जात दाखला देता येईल.

मृण्मयी, वनमंडळाला द्यायचं पत्र तू लिहिशील? तुझं कायद्याचं वाचन आहे. कूपातली ढोलीची झाडं मार्किंगमधून वगळावीत, एवढंच.

बडोदेकर

विचारतो. तिकडे एक ओळखीचे आहेत.

खकनारचा मास्तर

ताई, पत्र मराठीत नको, हिंदीतच लिहा आणि एका पानात बसवा. वरती डीएफओ (वनमंडळाचे अधिकारी), खाली प्रतिलिपी रेंज ऑफिस आणि वन समिती. समितीच्या अध्यक्षांशी आज शाळा सुटल्यावर बोललो, ते सही करायला तयार आहेत, म्हणाले मार्किंगची पार्टी महिनाअखेरीला येणार आहे, त्याच्या आत या. गावात राहायची सोय शाळेत होईल, अंथरूण आपापलं आणा, रात्री कडाक्याची थंडी असते.

मृण्मयी_इं

लिहिते, शुक्रवारपर्यंत मसुदा इथेच टाकते, सगळ्यांनी बघून घ्या. होळकरी काका, तुमच्या गाडीत एक जागा माझी.